विशेषणांचे पैसे वेगळे

गोर्डेबाईंना 'धन्यवाद' म्हटलेलं चालत नसे. कुणी म्हटलंच, तर त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "म्हणजे पैसे नाहीत का?"

एस्तेर गोर्डे हे त्यांचं पूर्ण नाव. मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि मग लेखिका झाल्या, असं लोक म्हणत. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. लेखिका त्या आधीपासूनच होत्या, निवृत्तीनंतर फक्त बिलं पाठवायला लागल्या. यजमान लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. वानवडीला दोन खोल्यांचा फ्लॅट, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेतली कडेची जागा आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा, छत्री आणि पावतीपुस्तक. पुण्यातल्या मराठी लेखकाजवळ पावतीपुस्तक असणं हे शंकराच्या देवळात बिलिंग मशीन असण्यासारखं आहे, असं आमचे मालक म्हणत.

मी तेव्हा शनिवार पेठेतल्या एका जुन्या प्रकाशनसंस्थेत संपादनाचं काम करत होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण ती अजून चालू आहे आणि मालक अण्णा अजून वाचतात, निदान स्वतःबद्दलचं तरी. अण्णांच्या मते लेखकांचे दोनच प्रकार: दिवंगत आणि समजूतदार. दिवंगतांचे नातू परदेशात असतात, त्यांना आजोबांनी काय लिहिलं हेच ठाऊक नसतं. समजूतदार लेखक पाडव्याला पेढे घेऊन येतात, पुस्तकाची चौकशी करतात आणि पैशाचा विषय निघण्याआधी अण्णांच्या पाया पडून जातात. गोर्डेबाई दोन्हींत बसत नव्हत्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच ऑफिसात. त्यांच्या बालकथांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती येऊन संपतही आली होती.

"सलाम, अण्णासाहेब. तिसऱ्या आवृत्तीचे पैसे घ्यायला आले."

अण्णा उठून उभे राहिले. खुर्ची दिली, चहा सांगितला. मग हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचं पुस्तक म्हणजे पुढच्या पिढीवर उपकार आहेत. आम्ही आपले निमित्तमात्र."

"मग निमित्तमात्रांनी चेक लिहावा."

अण्णा हसले. हे हसणं आम्हा नोकरांच्या ओळखीचं होतं. पगारवाढीच्या वेळी ते हेच हसायचे. "अहो, साहित्याच्या क्षेत्रात आपण काय पैशासाठी आलो का?"

"मी साहित्याच्या क्षेत्रात नाही आले. मी शनिवार पेठेत आले. दोन बस बदलून."

"त्याचं काय आहे, हिशेबनीस नेमके रजेवर आहेत."

हिशेबनीस नावाची व्यक्ती आमच्याकडे नव्हतीच. हिशेब अण्णाच बघत, स्वतःच्या घरी, दार लावून.

"येतील की," बाई म्हणाल्या. "मी डबा आणलाय."

दारासमोरच्या बाकावर त्या बसल्या. येणारा-जाणारा त्यांना बघून हसे, त्याही हसत. कुणी विचारलं, "काही काम होतं का?" तर गोड आवाजात सांगत, "नाही हो, मानधनाची वाट बघतेय." दुपारी एक तरुण कवी आपलं पहिलं हस्तलिखित घेऊन आला. अण्णा त्याच्याकडून छपाईचा अर्धा खर्च घेणार होते आणि ते त्याला अजून माहीत नव्हतं. तो बाईंच्या शेजारी बसला.

"आपण कधीपासून बसलाय?" त्यानं आदबीनं विचारलं.

"तिसऱ्या आवृत्तीपासून," बाई म्हणाल्या.

कवी चहा पिऊन येतो म्हणाला आणि हस्तलिखितासकट गेला तो परत आलाच नाही. अण्णांनी काचेतून हे पाहिलं. पुढच्या काही मिनिटांत, रजेवरच्या हिशेबनिसाची वाट न बघता, चेक तयार झाला.

बाईंनी तारीख पाहिली, सही पाहिली, अक्षरी रक्कम वाचली, पावती फाडून दिली. मग डोळे मिटून म्हणाल्या, "देवाचे आभार."

"अहो," अण्णा न राहवून म्हणाले, "चेक मी दिलाय."

"तुम्ही दिलेत ते माझेच होते. त्यानं तुम्हाला सुबुद्धी दिली, तिचे आभार."

त्या दिवशी बसस्टॉपवर आमची ओळख झाली आणि टिकली. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका उत्तरात होतं, हे मला हळूहळू कळत गेलं. कृतज्ञता देवाची, पैसा माणसांचा, आणि या दोन खात्यांची सरमिसळ करणाऱ्याला बाई ढोंगी समजत. "मजुराची मजुरी संध्याकाळच्या आत द्या, असं शास्त्र सांगतं," त्या म्हणत. "संध्याकाळी त्याला शाल घाला, असं कुठंही सांगत नाही."

शालीचा त्यांना राग होता. व्याख्यानाला बोलावून शाल, नारळ आणि आडनाव चुकलेलं स्मृतिचिन्ह देऊन पाठवणं ही पुण्याची रीत. बाईंच्या घरी 'गोरडे', 'गोऱ्हे' आणि एक 'गोडबोले' अशी चिन्हं ओळीनं मांडलेली होती. शाली मात्र त्या ठेवत नसत. लक्ष्मी रोडच्या एका दुकानदाराला निम्म्या किमतीत परत विकत.

एकदा एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत त्यांना 'साहित्य आणि कृतज्ञता' या विषयावर बोलायला बोलावलं. मीही गेले होते. अध्यक्षांनी शाल खांद्यावर घातली, टाळ्या झाल्या. बाईंनी शालीचा कोपरा उचलून जवळून पाहिला. तिथं इस्त्रीचा छोटा डाग होता. मग त्या माईकपुढे आल्या.

"अध्यक्षमहाशय, ही शाल आणि मी जुन्या ओळखीच्या आहोत. हिनं माझा आधीही एकदा सत्कार केलाय. तिला फिरती नोकरी आहे, मला नाही, म्हणून आमची भेट अधूनमधून होते."

सभागृह हसलं. बाई कृतज्ञतेवर बोलू लागल्या. बोलणं रंगलं होतं, लोक पुढे सरकून ऐकत होते आणि एका वाक्याच्या मधोमध त्या थांबल्या. "पाकिटात साधारण किती असेल याचा अंदाज घेऊन इतकं तयार केलं होतं. राहिलेलं पुन्हा कधीतरी." आणि जागेवर जाऊन बसल्या. कार्यवाह खजिनदाराकडे बघत होते, खजिनदार पंख्याकडे. दुसऱ्या दिवशी वाचनालयाचा शिपाई वानवडीला पाकीट घेऊन आला. बाईंनी त्याला पावती दिली, चहा दिला आणि 'राहिलेलं' भाषण लिहून त्याच्याच हाती पाठवलं.

हे ऐकून बाई लोभी वाटतील. पण हातात आलेल्या प्रत्येक रकमेचा दशांश त्या आधी बाजूला काढत. चेक वटला की बँकेतूनच परस्पर. तो दशांश त्यांच्या चर्चकडे जात नसे. नगरकडच्या मुलींच्या एका वसतिगृहाला जाई, कारण चर्चमध्ये देणगीदारांची नावं मोठ्यानं वाचत. वसतिगृहाला त्यांची अट एकच होती: मुलींकडून आभारपत्र लिहून घ्यायचं नाही. तसं पत्र आलं तर पुढचे पैसे बंद. मी एकदा विचारलं, "अहो, मुलींना चार ओळी लिहायला काय होतं?" बाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांना ऐकू उत्तम यायचं.

चर्चमधल्या मंडळींना मात्र बाई म्हणजे सत्त्वपरीक्षा वाटे. त्यातही काळोखेसाहेबांना. काळोखे चर्चचे खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले. देवाच्या राज्यात प्रवेश मिळाल्यावरही ते आधी केवायसीची कागदपत्रं तपासतील, असं बाई म्हणत. चर्चच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार होती. त्या वर्षी शेवाळे नावाच्या बिल्डरनं चर्चला नवी फरशी घालून दिली होती. शेवाळे काही ख्रिस्ती नव्हते. पण चर्चच्या मागे त्यांचे दोन टॉवर उभे राहत होते, त्यांचा रस्ता चर्चच्या कुंपणाला लागून जाणार होता, आणि अशा वेळी माणसाची श्रद्धा रुंद होते.

काळोखे बाईंच्या घरी आले. मी तिथंच होते.

"सिस्टर, एक छोटा आभाराचा परिच्छेद. शेवाळेसाहेब स्वतः येणार आहेत. प्रभूची सेवा म्हणून लिहा."

"सेवा मी दर शनिवारी चर्च झाडून करते. लेखनाचा दर वेगळा आहे."

बरीच घासाघीस झाली. काळोख्यांनी बायबलमधल्या, होती ती दमडी दानपेटीत टाकणाऱ्या गरीब विधवेचा दाखला दिला. बाई म्हणाल्या, "ती दमडी तिनं स्वतःहून टाकली होती. खजिनदार तिच्या घरी गेला नव्हता." शेवटी रक्कम ठरली आणि बाईंनी तिथल्या तिथं लिहून दिलं: 'उपासनामंदिराची नवी फरशी श्री. शेवाळे यांनी दिली. फरशी चांगली आहे. ओली असताना पाय घसरत नाही. देवाचे आभार.'

काळोख्यांनी कागद उलटून मागे पाहिलं. मागे कोरं होतं.

"एवढंच? दानशूर, उदारहृदयी, असं काहीतरी घाला की."

"विशेषणांचे पैसे वेगळे."

"किती?"

"खऱ्या विशेषणाचे शंभर. खोटं मी लिहीत नाही."

काळोख्यांनी हा विषय कमिटीपुढे ठेवला. कमिटीनं एका विशेषणाचा खर्च मंजूर केला आणि ते कोणतं असावं यावर दोन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत 'दानशूर' आणि 'धर्मप्रेमी' यांच्यात समसमान मतं पडली. दुसऱ्या बैठकीत 'सहृदय' यावर एकमत होऊन काळोखे शंभराची नोट घेऊन बाईंकडे आले.

"पुरावा?" बाईंनी विचारलं.

"कसला पुरावा?"

"सहृदय असल्याचा. फरशीचा पुरावा आहे, मी तिच्यावर चालले आहे."

पुरावा मिळाला नाही. नोट परत गेली. परिच्छेद तसाच छापला गेला.

समारंभाच्या दिवशी शेवाळे व्यासपीठावर बसून स्मरणिका उघडताना कमिटीतल्या काही जणांनी खरोखरीच प्रार्थना सुरू केली. शेवाळ्यांनी परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला. भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांनी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं.

"माझ्या कामाबद्दल लोक खूप लिहितात," ते म्हणाले. "जास्त करून वकिलांमार्फत लिहितात. स्टेजवर बोलवतात तिथं मला दानशूर म्हणतात, मला माहितीय ते का म्हणतात. पण 'पाय घसरत नाही' असं माझ्या कामाबद्दल आजवर कुणी लिहिलं नाही. ती फरशी मी स्वतः निवडली होती."

त्यांनी तो परिच्छेद फ्रेम करून आपल्या विक्री कार्यालयात लावला. काळोखे पुढे सगळ्यांना सांगत, "मीच सिस्टरला म्हणालो होतो, साधं लिहा."

इथवर सगळं गमतीचं. पण रोज जवळ राहणाऱ्याला बाईंचा हा खाक्या दमवत असे. भाजीवाल्यानं वर कोथिंबिरीची काडी टाकली, तरी त्या रुपया ठेवत. मी एकदा आंबे नेऊन दिले, तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात लिंबाच्या लोणच्याची बरणी हजर. दिवाळीचा फराळ त्यांना द्यायचा म्हणजे नाताळच्या करंज्यांची ऑर्डर दिल्यासारखंच होतं. "उपकार साठू द्यायचा नाही," त्या म्हणत. "नासतो." देवाचे आभार त्या दिवसातून दहादा मानत. माणसाचे मानताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दुकानदार, डॉक्टर, रिक्षावाला, मी. सगळ्यांशी त्यांचा व्यवहार तिथल्या तिथं मिटलेला असायचा.

मग बाई पडल्या. चर्चमध्ये नाही, घरच्या न्हाणीघरात. चर्चच्या फरशीबद्दलचं वाक्य अजून खरंच होतं. उजवं मनगट मोडलं. हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला.

नेमकं त्याच वर्षी अण्णांनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आगाऊ पैसे दिले होते. बाईंचं बालपण मिशनच्या बोर्डिंगमध्ये गेलं होतं आणि आठवणींची पुस्तकं तेव्हा खपत होती. बाईंनी अर्धं पुस्तक लिहिलं होतं. त्या हातानंच लिहीत, कॉम्प्युटरवर टाईप करायला बाहेर देत. अण्णा फळं घेऊन भेटायला आले. "पुस्तकाची अजिबात काळजी करू नका," ते म्हणाले. "आगाऊ रक्कम सावकाश परत करा. हप्त्यानं चालेल."

"नऊ भाग परत करता येतील," बाई म्हणाल्या. "दहावा देवाकडे गेलाय. त्याच्याकडे परतावा कसा मागू?"

अण्णा गेल्यावर त्यांनी डाव्या हातानं अर्ध्या पुस्तकाचे कागद पुढे ओढले. मग म्हणाल्या, "वृंदा, हे पुस्तक राहिलं ना, तर बाकीची लिहिली नसती तरी चाललं असतं." त्यांना असं बोलताना मी प्रथमच ऐकत होते. फळांची पिशवी त्यांनी शेजारच्यांना देऊन टाकली होती.

पुस्तक राहिलं नाही, ते वरच्या मजल्यावरच्या पौर्णिमा मेश्राममुळे. पौर्णिमा वर्ध्याकडची, हडपसरच्या आयटी कंपनीत कामाला, दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहणारी. तिचं घर आंबेडकरी, वडील जिल्हा परिषदेत, घरात पुस्तकांचं कपाट. एकदा पार्सल द्यायला खाली आली, तर बाई डाव्या हातानं 'क' काढत होत्या आणि तो 'फ' होत होता.

"काकू, काहून त्रास करून घेता? तुम्ही बोला, मी टाईप करते न."

ती रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन येऊ लागली. बाई डोळे मिटून सांगत, विरामचिन्हांसकट.

"आम्ही सगळ्या रांगेत उभ्या राहिलो, स्वल्पविराम—"

"कॉमा न?"

"कॉमा इंग्रजीत असतो. मराठीत स्वल्पविराम."

"दिसते तर सेमच."

"तू आणि तुझी ऑफिसातली मैत्रीणही लांबून सेमच दिसता."

काम झपाट्यानं पुढे गेलं. आठवडा संपला तसं बाईंनी पाकीट पुढे केलं.

"हे काय?"

"तुझी मजुरी."

"मला पगार आहे न काकू. बरा आहे."

"तो कंपनीचा. हा माझा."

"मी नाही घेत."

"मग उद्या येऊ नकोस."

पौर्णिमानं लॅपटॉप मिटला आणि ती गेली. खरंच आली नाही. काही दिवसांनी बाईंचा मला फोन आला. "टंकलेखनाचा बाजारभाव काय आहे गं?" मी सांगितला. "मी दुप्पट देत होते. तरी नाही म्हणाली. या पिढीला पैशाची किंमत नाही." पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

त्या रविवारी मी गेले. थोड्या वेळानं पौर्णिमा खाली आली, बाईंचं एक पातेलं परत द्यायला. पातेल्यात काही नव्हतं. बाईंच्या मते पातेलं रिकामं परत करणं हा असभ्यपणा होता आणि पौर्णिमाला ते माहीत होतं. म्हणूनच तिनं रिकामं आणलं असावं.

"बस," बाई म्हणाल्या. "तिप्पट देते."

पौर्णिमा उभीच राहिली. "काकू, एक सांगू का? मी दिवसभर कॉलवर असते. क्लायंट फॉरेनचा. दिवसभर थँक यू सो मच, थँक यू फॉर युवर टाईम, म्हणत राहते. त्या लोकांचे मी चेहरे पण नाही पाहिले. काय बोलायचं ते पण लिहून दिलेलं असते, त्यातलं एक वाक्य सोडलं तर मॅनेजर रागावते. संध्याकाळी तुमच्याकडे येते तर कोणी माझ्यावर कॉमावरून ओरडते, मला घरी गेल्यासारखं वाटते. म्हणून येते मी. याचं बिल कसं लावू, तुम्हीच सांगा."

बाईंनी हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं.

"लिहून दिलेलं असतं?" त्यांनी विचारलं.

"हो न. स्क्रिप्ट."

"आमचं फळ्यावर असायचं," बाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत मी ऐकलं नव्हतं. बोर्डिंगमध्ये नाताळ जवळ आला की सगळ्या मुलींना जेवणाच्या खोलीत बसवत. परदेशातल्या दात्यांना आभारपत्र लिहायचं. मजकूर फळ्यावर, मुलींनी फक्त नाव बदलायचं. एस्तेरचं अक्षर चांगलं, म्हणून ज्यांना जमत नसे त्यांची पत्रंही तिच्याकडेच येत.

"माझं पहिलं ललित लेखन ते," बाई म्हणाल्या. "मला आलेला फ्रॉक घोट्यापर्यंत यायचा. फळ्यावर होतं, 'फ्रॉक अगदी माझ्या मापाचा आहे.' एका वर्षी मी खरं लिहिलं. फ्रॉक फार मोठा आहे, पण ऊबदार आहे, रात्री पाय आत घेऊन झोपता येतं, मी तुमची आभारी आहे. मेट्रननं वाचलं आणि फाडलं. मला उपकाराची जाण नाही म्हणाली. संध्याकाळच्या प्रार्थनेत माझ्यासाठी सगळ्यांनी क्षमा मागितली."

त्यांचा चांगला हात प्लॅस्टरवरून फिरत होता.

"आणि मला तर खरंच आभार मानायचे होते गं. तो फ्रॉक मला आवडला होता."

मग पौर्णिमा खाली बसली आणि तिनं लॅपटॉप उघडला.

"हे पुस्तकात घेतलं का तुम्ही?"

"नाही."

"घ्या न. काय होतं पहिलं वाक्य? फ्रॉक फार मोठा आहे, कॉमा—"

"स्वल्पविराम," बाई म्हणाल्या.

पाकीट टेबलावरच पडलं होतं. मजकूर संपल्यावर बाईंनी ते उचललं, आतले पैसे काढले आणि परत आपल्या पर्समध्ये ठेवले. दातांच्या डॉक्टरपुढे तोंड उघडून बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

पुस्तक वेळेत पुरं झालं आणि बऱ्यापैकी चाललं. अण्णा सगळ्यांना सांगतात की बाईंना त्यांनीच लिहितं केलं. पुस्तक आलं तेव्हा मी पुण्यात नव्हते, मुलीच्या बाळंतपणाला परदेशी गेले होते. मी तिकडे असतानाच पावसाळ्यात बाई गेल्या, झोपेत. अण्णांनी आता त्यांना लेखकांच्या दोन प्रकारांपैकी पहिल्यात घातलं आहे. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या हिवाळ्याच्या तोंडावर, त्यांच्या चर्चमध्ये, कापणीच्या सणाला.

हा त्यांचा उपकारस्तुतीचा दिवस. ज्यानं त्यानं आपापल्या घरचं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवायचं आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव करायचा. पूर्वी लोक शेतातलं आणत. आता बहुतेक मंडळी मार्केट यार्डातून आणतात आणि देवानं पिकवल्याबद्दल त्याचे आभार मानतात. बाईंनी मला आणि पौर्णिमाला बोलावलं होतं. प्लॅस्टर अजून निघालं नव्हतं.

लिलाव पुकारायला अर्थातच काळोखे. बँकेत उभ्या जन्मात कर्जदारांसमोर दाबून ठेवलेला आवाज ते त्या एका दिवशी मोकळा सोडत. ऊस गेला, केक गेला, कोंबडी दोनदा सुटून एकदा विकली गेली. मग एक मोठा लाल भोपळा आला. शेवाळे आता दर सणाला येत. त्यांनी भोपळ्यावर अशी बोली लावली की तेवढ्यात भोपळ्याचं शेत आलं असतं. टाळ्या झाल्या. भोपळा हातात आल्यावर त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो चर्चलाच परत दिला. काळोखे याचीच वाट बघत होते. त्यांनी तो पुन्हा पुकारला. दुसऱ्यांदा एका डॉक्टरांनी घेतला आणि तोही परत दिला.

मग बाईंच्या लोणच्याची बरणी आली. शंभर, दीडशे, दोनशे. मागून पौर्णिमा ओरडली, "पाचशे!"

बाई पहिल्या रांगेतून वळल्या. "अगं वेडे, बस खाली! घरी फुकट देते!"

काळोख्यांची हातोडी हवेतच राहिली.

"सिस्टर," ते म्हणाले, "तो शेवटून दुसरा शब्द पुन्हा उच्चाराल का? मंडळीला नीट ऐकू आला नाही."

मग जो हशा झाला, तो ओसरायला वेळ लागला. बाई लाल झाल्या होत्या, पण त्याही हसत होत्या. बरणी पौर्णिमाला पाचशेलाच पडली, कारण काळोखे काही झालं तरी खजिनदार होते.

शेवटी भोपळा तिसऱ्यांदा पुकारला, तेव्हा मात्र कुणी बोली लावेना. काळोखे थकले होते. "मंडळी, हा कुणीतरी घरी न्या, मला कुलूप लावायचंय," म्हणत त्यांनी तो समोरच बसलेल्या बाईंच्या मांडीवर ठेवला आणि निघून गेले. बाईंनी डाव्या हातानं पर्स चाचपली. बटण एका हातानं उघडेना. पौर्णिमा शेजारी उभी राहून बघत होती, पण मदतीला वाकली नाही. बाईंनी आणखी एकदा प्रयत्न केला. मग पर्स सोडून दिली आणि अंगणाच्या टोकाला पोचलेल्या काळोख्यांना हाक मारली.

"काळोखे!"

ते दचकून थांबले.

"आभारी आहे."

काळोख्यांनी पावतीपुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. "असू द्या, असू द्या," म्हणाले आणि घाईनं आत गेले.

"घारगे करते उद्या," बाई आम्हाला म्हणाल्या. "या सगळ्या."

मला दुसऱ्या दिवशी जमणार नव्हतं, व्हिसाचं काम होतं. पौर्णिमानं स्कूटर फाटकाशी आणली. बाई मागे बसल्या, म्हणजे आम्ही तिघी-चौघींनी मिळून त्यांना बसवलं. प्लॅस्टरचा हात त्यांनी पौर्णिमाच्या कमरेभोवती टाकला, दुसऱ्या हातानं मांडीवरचा भोपळा पोटाशी धरला आणि रस्त्याला लागायच्या आधीच तिला हळू चालव म्हणून ओरडायला सुरुवात केली. मी फाटकात उभी राहून हात हलवला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, पण मला हात करायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.